पाच आठवड्यांचा उपास

वाचकाचे पत्र: मी मूळची सांगलीची असून गेल्या वर्षापासून इंग्लंडमध्ये लीड्स येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. शेजारच्या खोलीत राहणारी माझी मैत्रीण सप्टेंबरमध्ये शिक्षण संपवून मायदेशी परतली आणि जाताना तिने पाळलेली ‘कर्ली हेअर’ जातीची टॅरँटुला, म्हणजे मोठा, केसाळ कोळी, माझ्या स्वाधीन केली. ती मादी आहे, आठ वर्षांची आहे आणि तिचे फारसे काही करावे लागत नाही, एवढेच तिने सांगितले. थंडी वाढल्यामुळे मी पेटीखाली उष्णतेची चटई ठेवली आहे, दररोज पाणी फवारते, पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवला आहे आणि तिला माझी सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे तळहातावर घेते. असे असूनही गेले पाच आठवडे तिने काही खाल्लेले नाही. पेटीत तीन रातकिडे सोडले आहेत, पण त्यांच्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. तिच्या पोटाच्या मागच्या बाजूला केस झडलेला एक भाग आहे. तो आधी फिकट होता, आता काळपट दिसतो. दिवसभर ती एका कोपऱ्यात बसून असते. आई फोनवर विचारते, “अगं, ती सुखात आहे हे तुला कळतं तरी कसं?” मला उत्तर देता येत नाही. ती आजारी आहे का? तिला आनंदात ठेवण्यासाठी मी आणखी काय करावे? आणि शिक्षण संपवून परत आल्यावर आपल्या सह्याद्रीतला एखादा टॅरँटुला पाळता येईल का?

उत्तर: तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी आज रात्रीच करावयाची कामे सांगते, कारण ती लांबली तर पुढचा सगळा सल्ला वाया जाऊ शकतो. पेटीतील तिन्ही रातकिडे शोधून बाहेर काढा. एखादा मातीत दडला असेल तर लांब चिमट्याने माती हळूच बाजूला सारून पाहा, मात्र ती बसली आहे तो कोपरा उकरू नका. पेटीखालची चटई बंद करून काढून टाका. वाटीतील स्पंज फेकून द्या आणि वाटी धुऊन स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा. आजपासून तिला हातावर घेणे पूर्णपणे थांबवा. एवढे झाले की दिवा मालवून पेटीपासून दूर व्हा.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती आजारी आहे असे मला वाटत नाही. ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. अन्न नाकारणे, हालचाल मंदावणे आणि पोटावरचा उघडा भाग फिकट रंगाचा असताना हळूहळू काळा पडत जाणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की अनुभवी पाळणाऱ्याला दुसरी शंका येत नाही. तो भाग काळा दिसतो, कारण जुन्या त्वचेखाली तयार झालेले नवे, गडद केस तिच्यातून दिसू लागलेले असतात. आपल्याकडे कात म्हटली की साप डोळ्यांपुढे येतो, परंतु साप त्वचेचा वरचा पातळ थर टाकतो, तर कोळी अंगावरचे संपूर्ण कवच टाकतो. त्या कवचाबरोबर विषदंतांची आवरणे, डोळ्यांवरची पारदर्शक झाकणे, श्वसनेंद्रियांचे अस्तर आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचे अस्तरसुद्धा निघून येते. ज्या प्राण्याच्या जठराचे अस्तरच सुटू लागले आहे, त्याने जेवण नाकारले यात नवल नाही. हा उपास आणखी महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालला तरी घाबरू नका. पोट गोल आणि भरलेले दिसत आहे, तोवर तिच्याजवळ साठा पुरेसा आहे.

रातकिडे काढण्याची घाई मी का करते आहे, तेही सांगायला हवे. मी स्वतः पाळलेला पहिला टॅरँटुला मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या जातीचा होता आणि तो मी गमावला, तो याच चुकीमुळे. तो खात नाही म्हणून काळजीपोटी मी पेटीत चार रातकिडे तसेच राहू दिले, आणि सकाळी पाहते तो कात निम्मी निघालेली होती आणि रातकिड्यांनी त्याचे पोट कुरतडलेले होते. कात टाकताना कोळ्याचे सगळे अंग मऊ असते. विषदंत पांढरे आणि लवचीक असतात, त्यामुळे तो चावू शकत नाही आणि पळूही शकत नाही. त्या काही तासांत भक्ष्यच भक्षक बनते. म्हणून वर्षभर पाळावयाचा नियम असा की टाकलेले भक्ष्य चोवीस तासांत खाल्ले गेले नाही तर ते बाहेर काढावे.

आता चटईविषयी. ती पेटीखाली ठेवण्यामागची तुमची माया मला कळते, पण टॅरँटुलाच्या अंगभूत स्वभावाशी ती व्यवस्था विसंगत आहे. ही जात हाँडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील देशांत जमिनीत बिळे करून राहते. तिथे ऊन वाढले की खोल जायचे, कारण खाली गारवा असतो, हे तिला उपजत ठाऊक असते. पेटीत उष्णता खालून येत असेल तर उकाडा वाटताच ती खोदून खाली जाते, तिथे अधिक गरम लागते, म्हणून आणखी खाली जाते आणि शेवटी चटईलगतच्या तप्त, कोरड्या मातीत अडकून सुकते. या जातीसाठी २० ते २६ अंश सेल्सिअस हा पट्टा उत्तम आहे आणि रात्री पारा १८ अंशांपर्यंत उतरला तरी तिला अपाय होत नाही. सर्वसाधारणपणे ज्या खोलीत तुम्ही स्वेटर घालून आरामात अभ्यास करू शकता, त्या खोलीत तीही आरामात राहते. खोली याहून सातत्याने थंड राहत असेल, तरच चटई पेटीच्या मागच्या भिंतीला बाहेरून, मातीच्या पातळीच्या वर लावावी, तिला थर्मोस्टॅट जोडावा आणि तापमापीने आकडा पडताळून पाहावा. वेगळ्या दिव्याची तिला गरज नाही. उजेड तिला नकोच असतो.

पाण्याच्या बाबतीत लोक दोन टोकांना जातात. काही जण वाटीच ठेवत नाहीत, तर काही जण दिवसातून दोनदा फवारणी करतात. कोळ्याच्या शरीरात पाण्याचे महत्त्व किती, हे त्याच्या पायांच्या रचनेवरून लक्षात येते. त्याच्या पायांच्या प्रमुख सांध्यांत पाय मिटणारे स्नायू असतात, पण उघडणारे स्नायू नसतात. पाय पसरतात ते शरीरातील द्रवाच्या दाबाने. पाणी कमी पडले की दाब घटतो आणि पाय आपोआप पोटाखाली मुडपू लागतात. म्हणून उथळ, जड, सहज न कलंडणारी आणि कायम भरलेली वाटी ही पेटीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू होय. स्पंज मात्र नको, कारण तो जिवाणू आणि घाण धरून ठेवतो, आणि तो नसला तर कोळी बुडेल ही समजूत खरी नाही. रोजची फवारणीही बंद करा. अंगावर पडणारे तुषार आणि वाऱ्याचा झोत तिला धोक्याची सूचना वाटते, आणि सतत ओल्या राहणाऱ्या मातीत बुरशी व बारीक किडे वाढतात. आठवड्यातून एकदा वाटी भरताना थोडे पाणी मुद्दाम कडेच्या मातीत सांडू द्यावे, म्हणजे एक कोपरा ओलसर आणि बाकीची माती कोरडी राहते. जिथे बरे वाटेल तिथे ती आपण होऊन जाऊन बसते.

तळहाताविषयी मी अधिक स्पष्ट बोलणार आहे, कारण पत्रातील हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. कुत्रे, मांजर, एवढेच नव्हे तर पोपटही माणसाला ओळखतो, त्याच्याकडे येतो, त्याची वाट पाहतो. टॅरँटुलाला आठ डोळे असूनही उजेड-अंधार आणि हलत्या आकृती यांपलीकडे फारसे दिसत नाही. त्याचे जग पायांना जाणवणाऱ्या कंपनांचे आणि स्पर्शाचे आहे. तुमचा तळहात त्याच्या दृष्टीने उबदार, हलणारी, अनोळखी जमीन असते. ती पंधरा मिनिटे शांत बसते तेव्हा तिला सवय झालेली नसते; धोका टळेपर्यंत ती स्तब्ध राहिलेली असते. पोटावरचा जो भाग तुम्हाला उघडा दिसतो, तेथील केस बहुधा तिने स्वतःच मागच्या पायांनी घासून हवेत उडवलेले आहेत. अमेरिका खंडातील बहुतेक टॅरँटुलांचे हे संरक्षणाचे साधन आहे, आणि ते कसे असते हे ज्याने लहानपणी रानात खाजकुयलीच्या शेंगेला हात लावला आहे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.

या केसांची गोष्ट केवळ खाजेवर थांबत नाही. तुम्ही ज्या शहरात राहता, त्याच लीड्समध्ये २००९ साली २९ वर्षांचा एक तरुण डोळा लाल झाल्याची आणि उजेड सहन होत नसल्याची तक्रार घेऊन रुग्णालयात आला होता. जंतुसंसर्गाच्या औषधाने गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी अधिक बारकाईने तपासले असता त्याच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलात अतिसूक्ष्म केस रुतलेले आढळले. चिलीतील गुलाबी टॅरँटुलाची पेटी साफ करताना त्या प्राण्याने केसांचा फवारा उडवला होता, हे तेव्हा त्याला आठवले. ते केस इतके बारीक होते की चिमट्याने काढता येईनात. हा वृत्तान्त पुढे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणून पेटीत हात घालताना, विशेषतः जुनी माती काढताना, हातमोजे आणि साधा का होईना चष्मा घाला, काम संपताच हात साबणाने धुवा आणि तोवर चेहऱ्याला स्पर्श करू नका. केस मातीत, जाळ्यात आणि काचेवर बराच काळ चिकटून राहतात, त्यामुळे प्राणी शांत असला तरी ही काळजी सोडू नये.

तिच्या बाजूने पाहिले तर धोका याहून मोठा आहे. टॅरँटुलाचे पोट म्हणजे द्रवाने भरलेली पातळ पिशवी असते. उभ्या माणसाच्या हातून ती जमिनीवर पडली तर पोट फाटते आणि बहुतेक वेळा ती वाचत नाही. तुमच्या पेटीतसुद्धा हाच धोका असू शकतो, म्हणून तिची मापे एकदा तपासून पाहा. पाय पसरल्यावर ही जात साधारण १४ सेंटिमीटरपर्यंत भरते. तिला सुमारे ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद पेटी पुरते, पण मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटरहून जास्त नसावे. पेटी उंच असेल तर नवी पेटी घेण्याऐवजी माती वाढवा. खत किंवा रसायने न घातलेले कोकोपीट किंवा साधी माती किमान १२ सेंटिमीटर खोल, हाताने दाबून घट्ट बसवलेली असावी, म्हणजे बीळ ढासळत नाही. अर्धा मातीत गाडलेला, खाली पोकळी असलेला बुचाच्या सालीचा एक तुकडा तिला लपायला द्यावा. झाकण तारेच्या जाळीचे असेल तर ते बदलून घ्या, कारण जाळीत पायांची नखे अडकून तिचा पाय तुटू शकतो. बाजूंना छिद्रे पाडलेले ॲक्रिलिकचे झाकण अधिक सुरक्षित असते. हे सारे बदल मात्र कात टाकून झाल्यावर, दोनतीन आठवड्यांनी करा. आज त्यांतले काहीही करू नका.

कात टाकण्याची वेळ आली की ती बहुधा जमिनीवर जाळ्याची एक दाट गादी विणेल आणि तिच्यावर उताणी पडेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते, कारण पाय वर करून पडलेला प्राणी मेलेलाच असणार असे आपल्याला वाटते. टॅरँटुलाच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे. मरणारा टॅरँटुला सहसा उभ्या स्थितीतच असतो आणि त्याचे पाय पोटाखाली मुठीसारखे आवळलेले असतात. उताणा पडलेला टॅरँटुला बहुधा कात टाकत असतो. मेली समजून अशा अवस्थेतल्या कोळ्याला उलथवणारे, त्याच्यावर पाणी ओतणारे, क्वचित त्याला टाकून देणारे लोकही आहेत, म्हणून हे आधीच मनात पक्के करून ठेवा. पुढचे काम काही तासांत, क्वचित पूर्ण दिवसभरात उरकते. त्या काळात पेटी हलवू नका, झाकण उघडू नका, शेजारी मोठ्या आवाजात संगीत लावू नका. एखादा पाय कातेत अडकलेला दिसला तरी ओढू नका. तो पाय गमावलाच, तर पुढच्या एकदोन कातींनंतर तो पुन्हा वाढतो, परंतु ओढाताणीत मऊ अंग फाटले तर त्याला उपाय नाही.

कात टाकल्यानंतर ती दमलेली, अंग ताणून पसरलेली आणि रंगाने अतिशय सुंदर दिसेल. या जातीचे लांब, कुरळे, सोनेरी छटेचे केस तेव्हा खरे खुलतात. तिला लगेच खायला देऊ नका. विषदंत आधी पांढरे, मग तांबूस आणि शेवटी काळे होतात. पूर्ण काळे झाल्यावरच, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, पहिला रातकिडा द्यावा. तोवर पाणी मात्र हवेच.

पुढच्या आहाराबाबत फार लिहिण्यासारखे नाही. प्रौढ मादीला दहा-पंधरा दिवसांतून एक मोठा रातकिडा किंवा दुबिया झुरळ पुरते. भक्ष्य तिच्या पोटापेक्षा लहान असावे आणि ते दुकानातून घेतलेलेच असावे, कारण बागेतून पकडलेल्या किड्यावर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. पोटाचा आकार शरीराच्या पुढच्या भागाच्या सुमारे दीडपट दिसला की आहार योग्य समजावा. ते त्याहून फुगले तर दोन खेपा गाळाव्यात, कारण जड झालेले पोट पडल्यावर लवकर फाटते आणि जास्त खाल्ल्याने कोणताही टॅरँटुला अधिक सुखी होत नाही.

भारतीय घरांसाठी आणखी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते, कारण तो इंग्रजी पुस्तकांतून ठळकपणे येत नाही. डास-झुरळांचे फवारे, मच्छर अगरबत्ती, भिंतीत लावायची डासांची औषधे आणि कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर लावायचे थेंब ही सारी कीटकांची मज्जासंस्था बंद पाडण्यासाठी बनवलेली असतात, आणि कोळी कीटक नसला तरी या विषांपासून तो सुटत नाही. तुमच्या सामायिक घरात कोणाचे मांजर असेल आणि त्याला पिसवांचे औषध लावले असेल, तर त्याला कुरवाळलेल्या हाताने पेटीतील वाटीसुद्धा उचलू नका. उदबत्ती, धूप आणि स्वयंपाकातील फोडणीचा धूर यांपासूनही पेटी दूरच्या खोलीत असलेली बरी.

आता तुमच्या आईंच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा प्रश्न त्यांनी विचारला आहे. टॅरँटुलाला आपल्यासारखा आनंद होतो की नाही, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण तो अस्वस्थ आहे की निवांत आहे, हे त्याच्या वागण्यावरून ओळखता येते, आणि ते ओळखायला शिकणे हेच या छंदाचे खरे शिक्षण आहे. निवांत टॅरँटुला दिवसचे दिवस एकाच जागी बसतो. पाय सैल पसरलेले असतात, पोट जमिनीला टेकलेले असते, बिळाच्या तोंडाशी जाळे विणलेले असते; रात्री तो सावकाश एक फेरी मारतो, वाटीत तोंड बुडवून पाणी पितो आणि परत जागेवर येतो. जंगलात मादी एकाच बिळात वर्षानुवर्षे राहते आणि भक्ष्य दाराशी येण्याची वाट पाहते. हेच तिचे आयुष्य आहे, आणि त्यात उणीव काहीच नाही. याउलट अस्वस्थ कोळी सतत हालत असतो. तो रात्रभर काचेवर चढतो, झाकणाला लटकून राहतो, पाय गुडघ्यांत मुडपून डोक्यावर ओढून घेतो, किंवा माती फार ओली असेल तर पोट उचलून पायांच्या टोकांवर उभा राहतो. नव्या पेटीत आल्यावर पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही ते चालू राहिले तर आधी मातीची ओल, मग तापमान, मग लपण्याची जागा आणि शेवटी आसपासची कंपने, म्हणजे ध्वनिवर्धक, कपडे धुण्याचे यंत्र, सतत आपटणारे दार, असे एकेक तपासत जावे. तेव्हा आईंना सांगा की ती कोपऱ्यात स्वस्थ बसून आहे, यावरूनच ते कळते. तिला आनंदात ठेवण्यासाठी आणखी काय करावे, असे तुम्ही विचारता. काही वाढवू नका. करत होता त्यातलेच बरेचसे थांबवा. बहुतेक नवशिक्यांच्या हातून टॅरँटुला दगावतो तो दुर्लक्षामुळे नव्हे, अति काळजीमुळे, आणि वर सांगितलेल्या माझ्या पहिल्या टॅरँटुलाच्या बाबतीतही तेच घडले.

खऱ्या आजाराची लक्षणे मात्र ओळखून ठेवा. पोट सुरकुतलेले आणि पाय मुडपू लागलेले दिसले तर तिला अलगद वाटीच्या काठाशी न्या, म्हणजे तोंडाचा भाग पाण्याला टेकेल. बहुतेकदा काही तासांत ती सावरते. तोंडाभोवती पांढरा चिकट थर आणि दुर्गंधी आली तर तो सूत्रकृमींचा संसर्ग असू शकतो. पेटी इतर प्राण्यांपासून वेगळी ठेवून विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवावे. पोटाला लहानशी जखम होऊन निळसर द्रव पाझरू लागला तर तेच तिचे रक्त समजा, कारण कोळ्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते; जखमेवर कॉर्नफ्लॉवर दाबल्यास ती बंद होण्याची शक्यता असते.

तुमच्या मैत्रिणीने एक गोष्ट सांगायची राहून गेली असावी. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. आठ वर्षांची मादी म्हणजे अजून अर्धे आयुष्य बाकी असलेली मादी, आणि तुमचे शिक्षण तर एखाद्या वर्षात संपेल. ब्रिटनमध्ये टॅरँटुला पाळण्यासाठी परवाना लागत नाही, मात्र घरमालकाची लेखी संमती घेऊन ठेवा. सुटीत तीनचार आठवडे भारतात यायचे असेल तर दोन भरलेल्या वाट्या ठेवून ती एकटी राहू शकते. कायमचे परतताना तिला सामानातून आणण्याचा विचार मनातही आणू नका. परवानगीवाचून जिवंत विदेशी प्राणी भारतात आणणे बेकायदा आहे. तिला बागेत सोडणेही तितकेच चुकीचे आहे, कारण यॉर्कशायरचा हिवाळा तिला मारून टाकील, आणि हवामान उबदार असते तर ती तिथे पसरली असती. तिचीच जवळची नातेवाईक असलेली मेक्सिकोतील लाल पाठीची जात अमेरिकेतील फ्लोरिडात अशीच जाऊन स्थायिक झालेली आहे. ब्रिटिश टॅरँटुला सोसायटी ही हौशी पाळणाऱ्यांची जुनी संस्था आहे. तिच्या सभासदांशी आत्तापासूनच ओळख करून घ्या, म्हणजे जायच्या वेळी जबाबदार हात शोधण्याची धावपळ होणार नाही.

राहिला सह्याद्रीचा प्रश्न. त्याचे माझे उत्तर नाही असेच आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पश्चिम घाटातील झाडांच्या ढोलींत राहणारा पिसिलोथेरिया रिगॅलिस हा राखाडी-पांढऱ्या नक्षीचा, पुढच्या पायांखाली पिवळा धमक रंग असलेला देखणा टॅरँटुला आहे. परंतु आशियातील टॅरँटुलांना उडवायचे केस नसतात. त्यांचे संरक्षण वेगाने पळणे आणि चावणे हेच असते. पिसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि ते कधी कधी कित्येक दिवस पुन्हा पुन्हा येत राहतात. नवशिक्याने पाळावा असा हा प्राणी नव्हे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पिसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती २०१९ पासून वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि त्या करारातील प्राण्यांसाठी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्वतंत्र अनुसूची जोडली आहे. लीड्समधील एखाद्या दुकानात तुम्हाला गडद निळ्या रंगाचा एक टॅरँटुलाही दिसेल. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत त्याचा पहिला नमुना मिळाला आणि १८९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे ज्ञात जंगल फार लहान आहे, आणि जगभरातील काचेच्या पेट्यांत तो वाढत असताना मूळ घरी तो अतिसंकटग्रस्त आहे. घाटातला एक टॅरँटुला उचलून आणला, तर वर्षानुवर्षे एकाच ढोलीत राहून पिल्ले वाढवणारी एक मादी त्या रानातून कायमची जाते. परत आल्यावर पावसाळ्यात, वनखात्याची परवानगी असलेल्या वाटेने, जाणत्या माणसाबरोबर विजेरी घेऊन रात्री हिंडा. ढोलीच्या तोंडाशी बसलेला रिगॅलिस पाहायला मिळाला तर त्याला हात न लावता पाहा.

शेवटी एक छोटे काम सांगते. कात टाकून झाल्यावर तिने जुनी कात बाजूला सारली की ती लांब चिमट्याने उचलून घ्या. साबणाचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात ती तासभर भिजवा आणि पोटाचा सुरकुतलेला भाग बोटांनी न ओढता ब्रशने हलकेच उलगडा. आतल्या बाजूने चार पांढरे चट्टे दिसतील, ती श्वसनेंद्रियांची अस्तरे होत. वरच्या दोन चट्ट्यांच्या मधोमध, कडेला चिकटलेली लहानशी झडप दिसली, तर तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे खरे आणि ती मादीच आहे. हातमोजे मात्र तेव्हाही घाला. टाकलेल्या कातेवरचे केसही तितकेच खाजरे असतात.